सवा नऊची कॉफी

हेलसिंकी,
१४ जानेवारी १९८७

प्रिय लेम्पी आत्या,

नाताळात येतो म्हणालो आणि आलो नाही, त्याबद्दल आधी रागावून घे. झालं? आता काम सांगतो.

गेली चार वर्षं मी लाकडाच्या लगद्याच्या मागे लागलोय, हे बाबांनी तुला सांगितलंच असेल, म्हणजे त्यांना कळलं असेल तेवढं. थोडक्यात असं की कागद फाटतो तेव्हा बिचारा तंतू क्वचितच तुटतो. तंतूंनी एकमेकांचा धरलेला हात सुटतो. म्हणून मी पिष्टापासून एक द्रव बनवलाय. तो लगद्यात घातला की प्रत्येक तंतूच्या अंगावर पातळ लेप चढतो, त्यावर उलट विद्युतभाराचा दुसरा लेप, आणि मग तंतू एकमेकांना असे चिकटतात की सोडवता सोडवत नाहीत. निदान माझ्या आकृतीत तरी चिकटतात. आकृती सोबत जोडली आहे. अधिक चिन्हं तांबडी आहेत, उणे निळी.

अडचण अशी की आमच्या संस्थेच्या प्रयोगशाळेत ऑगस्टपर्यंत नंबर लागत नाही, आणि संचालक स्टेनरूस यांना निकाल मार्चच्या आत हवाय. तेव्हा पुरोकोस्कीच्या कागदगिरणीची प्रयोगशाळा आणि तू! तुझ्याइतके सारख्या वजनाचे नमुना-ताव या देशात कुणी काढत नाही, हे मी स्टेनरूससाहेबांना सांगितलंय. तुमच्या व्यवस्थापकांची परवानगी त्यांनी काढली आहे.

द्रवाच्या बारा बाटल्या आगगाडीने येतील. वेळापत्रक असं: सकाळी आठला साधा लगदा कुटणीच्या यंत्रात घालायचा, तीस मिनिटं. मग कुटणी धुवायची. आठ पन्नासला द्रव घातलेला लगदा, तोही तीस मिनिटं. मग दोन्हींचे ताव काढून ताणयंत्रावर ताणायचे. असे दहा दिवस. एका मिनिटाचाही फरक नको, आत्या. हे विज्ञान आहे.

तुझा,
डॉ. तौनो हिर्सिकांगस
(‘डॉ.’ सवयीने लिहिलं गेलं.)


पुरोकोस्की,
२ फेब्रुवारी १९८७

चि. तौनो यास अनेक आशीर्वाद.

‘डॉ.’ दिसलं. तुझी आकृती मी आमच्या भोजनगृहात लावली आहे. युनियनचा कोस्ती म्हणतो, छान भरतकाम आहे, उशीवर काढता येईल.

बाटल्या पोचल्या. बारातली एक वाटेत फुटली आणि टपालखान्याच्या फरशीला तुझा लेप बसला. टपालवाली म्हणते फरशी काही मजबूत झालेली दिसत नाही.

दहा दिवसांचं काम सांगितल्याप्रमाणे केलंय. आकडे सोबत आहेत. तुझा द्रव घातलेला कागद साध्यापेक्षा शंभरात चौतीस भागांनी मजबूत निघाला. मी तीन वेळा ताणून पाहिला. एकतीस वर्षं ताव काढतेय, पण असा फरक मी पाहिला नव्हता. एक गोष्ट मात्र खटकते. तुझ्या लगद्याचं पाणी जाळीतून गळायला फार वेळ लावतं. वहीच्या समासात मी रोजचे शेरे लिहिलेत, ते नीट वाच. वहीची नक्कल पाठवू का?

बाकी इकडचं म्हणशील तर आमचं चालू आहे, पण किती दिवस, ते देव जाणे. कंपनीच्या दोन गिरण्यांपैकी एक बंद होणार, वसंतात ठरणार, असं पेपरात आलंय. आमचं नाव पहिलं आहे. त्यामुळे कुणी काही दुरुस्तच करत नाही. वेळ झाली की कुटणी आपोआप बंद करणारं घड्याळ ऑगस्टपासून बिघडलंय. मी चार चिठ्ठ्या दिल्या. वायरमन म्हणतो, मरणाऱ्याचे दात कोण बसवतं? आता बटण हातानेच बंद करावं लागतं. सवा नऊला कॉफी असते हे तुला आठवत असेलच. लहानपणी तू इथेच बसून माझा वेलदोड्याचा पाव खायचास, वरची साखर आधी.

तळं अजून गोठलेलं आहे. रविवारी बर्फाला भोक पाडून सात मासे धरले. चारशे माणसं या गिरणीवर जेवतात, तौनो, आणि मासे सातच.

तुझी आत्या,
लेम्पी


हेलसिंकी,
२० फेब्रुवारी १९८७

प्रिय आत्या,

चौतीस! मी आकडा वाचला आणि खुर्चीतून उठून उभा राहिलो. मग स्टेनरूससाहेबांनी वाचला आणि मला बसायला सांगितलं. आजवर त्यांनी मला कधी बसायला सांगितलं नव्हतं.

लेख तयार झालाय. साहेबांनी त्यात एकच सुधारणा केली: नाव. आता त्याला ‘स्टेनरूस लेप’ म्हणतात. माझं नाव तळटीपेत आहे, आणि तळटीप बऱ्यापैकी मोठ्या अक्षरांत आहे.

पाणी गळायला वेळ लागतो, याचं स्पष्टीकरण अगदी सोपं आहे. लेपाला पाण्याची ओढ असते. म्हणजे तुझी तक्रार हा उलट लेपाचा पुरावाच झाला! साहेबांनी त्यावर एक परिच्छेद लिहिलाय.

वहीची नक्कल नको, आणि शेरे तर मुळीच नकोत. रागावू नकोस, पण समासात कोण कॉफीला गेलं, कुणाचा पाव करपला, हे वाचायला इथे कुणाला सवड नाही. नुसते आकडे पाठवत जा. आकडा स्वच्छ असतो.

गिरणीचं वाचून वाईट वाटलं. पण ऐक. कंपनीच्या वरच्या मंडळींपर्यंत ही बातमी साहेबांनी पोचवली आहे. नवं तंत्र सिद्ध झालेली गिरणी कुणी बंद करत नसतं.

तुझा तौनो


पुरोकोस्की,
१६ मार्च १९८७

चि. तौनो यास आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी जरा फणफणले. माझ्या शेऱ्यांत कॉफी असते ती गप्पा म्हणून नसते. पण ते राहू दे. तुझं पत्र आल्यावर मी आपल्या मनाने आणखी पाच दिवस एक काम करून पाहिलं. त्याबद्दल मला तुला काहीतरी सांगायचं आहे, आणि ते सांगायला मी मंगळवारी हे पत्र घेऊन बसले.

तेवढ्यात व्यवस्थापक राउहाला भोजनगृहात आले. हातात तुझ्या साहेबांचं पत्र. सगळ्यांना थांबवून त्यांनी ते मोठ्याने वाचलं: स्टेनरूस लेप, चौतीस, पुरोकोस्कीचा मान, मे महिन्यात मोठ्या यंत्रावर चाचणी, आणि चाचणी उतरली तर बंद करायची गिरणी दुसरी. टाळ्या नाही झाल्या. आमच्याकडे टाळ्या कोण वाजवणार! पण कोस्ती उठला, खिडकीपाशी गेला आणि पाठ करून बराच वेळ आवारातल्या ओंडक्यांच्या ढिगाकडे बघत राहिला. तो माझ्याबरोबर शाळेत होता. बायको गेली तेव्हाही मी त्याचा रुमाल पाहिला नव्हता. मंगळवारी पाहिला.

म्हणून जे सांगायचं होतं ते पुढच्या पत्रात सांगेन. तोवर तू एवढंच कर: आणखी कुणाकडून तरी हे करवून बघ. दुसऱ्या कुठल्या तरी हाताने. माझं वय झालंय असं समज.

लेम्पी


हेलसिंकी,
१० एप्रिल १९८७

प्रिय आत्या,

तुझं वय झालंय, हे तुझ्या तोंडून ऐकायला मिळेल असं वाटलं नव्हतं. तब्येत बरी आहे ना? वसंतात उगाच उदास वाटतं. शनिवारी सौनाच्या वाफेत जास्त वेळ बसत जा.

तू सुचवलंस तसं आम्ही समुद्रापलीकडच्या स्वीडिश मंडळींकडून करवून घेतलं. हेच वेळापत्रक, हाच द्रव, त्यांची स्वतःची चकचकीत कुटणी. निकाल: शंभरात दोन भाग. दोन! पण स्टेनरूससाहेब जराही डगमगले नाहीत. ते म्हणाले, स्वीडिश लोकांकडे कमी काय आहे ते शोधा.

आम्ही चार दिवस शोधलं. लाकूड तेच, द्रव तोच, मिनिटं तीच. फरक उरला फक्त पाण्याचा! पुरोकोस्कीच्या तळ्याच्या पाण्यात असं काहीतरी आहे ज्याने लेप तंतूवर घट्ट बसतो. साहेबांनी या विषयावर व्याख्यान दिलं. तुमच्या तळ्याची रंगीत चित्रंही दाखवली. एकात तुझी होडी आहे. आणि याचा अर्थ तुझ्या लक्षात आला का? हे तंत्र दुसरीकडे हलवताच येत नाही! चाचणी उतरली की तुमची गिरणी पक्की झाली.

चाचणी १९ मे. साहेब, कंपनीचे संचालक आणि मी, मिळून अकराजण येतोय. द्रवाची पिंपं आधी येतील. तू फक्त तळ्याचं पाणी स्वच्छ ठेव.

तुझा तौनो

ता. क. तू काहीतरी सांगणार होतीस. तब्येतीचं नाही ना?


पुरोकोस्की,
२४ मे १९८७

चि. तौनो यास आशीर्वाद.

त्या दिवशी तुझ्याशी दोन शब्द बोलता आले नाहीत. तू बाकी दहाजणांच्या मागे पिशव्या धरून उभा होतास आणि मी ट्रे धरून. म्हणून आता सगळं लिहिते. शेजारी वहीसुद्धा ठेवली आहे, आणि या वेळी ती तुला वाचावीच लागेल. पार्सलात घालतेय.

तुझ्या वेळापत्रकात साधा लगदा आठ ते साडेआठ. तेव्हा मी यंत्रापाशी असते. तुझा लेपाचा लगदा आठ पन्नासला. तीस मिनिटं म्हणजे नऊ वीस. आणि कॉफी सवा नऊ ते साडेनऊ. ती कॉफी आमच्या बापांनी तीन आठवडे संप करून मिळवलेली आहे. त्या पंधरा मिनिटांत कामगार कुठल्याही बटणाला हात लावत नाही. लावला तर कोस्ती दारात उभा असतो, आणि तो व्यवस्थापकालासुद्धा बाहेर काढतो. घड्याळ बिघडलेलं. परत येऊन, हात धुऊन मी बटण बंद करायची तेव्हा नऊ पस्तीस झालेले असायचे. म्हणजे तुझा लगदा तीस नव्हे, पंचेचाळीस मिनिटं कुटला जात होता. रोज. समासात रोज लिहिलंय: ‘कॉफी, ९.३५ ला बंद’. तू वेळापत्रक केलंस म्हणजे तुला माहीत असणार, असं मी धरून चालले. तूही सवा नऊचा पाव खाल्लेला माणूस ना!

जास्त कुटलं की तंतूच्या अंगावर बारीक लव उभी राहते, तंतू एकमेकांत गुंततात, कागद मजबूत होतो आणि पाणी गळायला वेळ लागतो. हे आमच्या झाडूवाल्यालाही ठाऊक आहे. मार्चमध्ये पाच दिवस मी तेच करून पाहिलं. द्रवाचा एक थेंबही न घालता साधा लगदा पंचेचाळीस मिनिटं कुटला. बत्तीस भाग मजबूत. एकदा तेहतीस. स्वीडिश माणूस कॉफीला जाताना यंत्र बंद करतो, दिवा मालवतो आणि खुर्ची आत सारतो. त्याचे दोन आले ते खरे. तुझ्या लेपाची किंमत दोन, तौनो. बाकीचे बत्तीस कॉफीचे.

आता लाज वाटायची गोष्ट सांगते. एकतीस वर्षांत मी एक ग्रॅम लपवला नाही. स्वतःच्या बहिणीने वजन चुकवलं तेव्हा तिचंही नाव वहीत लिहिलं. ती अजून माझ्याशी धड बोलत नाही. आणि हे मी दोन महिने पोटात ठेवलं, कोस्तीच्या त्या रुमालासाठी. रोज सकाळी वाटायचं आज लिहावं, आणि रोज भोंगा झाला की वाटायचं आणखी एक दिवस वाजू दे.

चाचणीचा दिवस तू पाहिलासच, पण तुला काय दिसलं कोण जाणे. मी ठरवलं होतं, मोठ्या यंत्रावर जे होईल ते होवो, आपण मध्ये पडायचं नाही. पण पाहुण्यांची कॉफी माझ्याकडे होती. अकरा मोठी माणसं आलेली असताना कॉफीबरोबर रीतीच्या सातपेक्षा कमी प्रकार मांडायचे, तर मला या गावात तोंड दाखवायला जागा राहिली नसती. वेलदोड्याचा पाव, बदामाच्या वड्या, जामाच्या चकत्या, सगळं केलं. आणि सगळ्यांना सातही प्रकार चाखावे लागले, कारण एक जरी सोडला तरी करणारीचा अपमान. तुमच्या स्टेनरूससाहेबांनी तर आठव्याची चौकशी केली. राउहालांनी हुकूम सोडला होता की पाहुणे परत येईपर्यंत कुटणीतला लगदा पुढे सोडायचा नाही. पन्नास मिनिटं, तौनो! लगदा गोल गोल फिरतोय आणि तुम्ही सगळे बशीत बुडवून खाताय.

एकेचाळीस भाग आले, ते तसे आले. यंत्र मुंगीच्या चालीने चालवावं लागलं, कारण पाणी गळेना. तर एक संचालक म्हणाले, ‘बघा, कागद कसा रुबाबात येतोय!’ गिरणी राहिली. संध्याकाळी भोंगा झाला तेव्हा मी आवारात उभी राहून रडले, आणि मला आनंद झाला होता, हे सरळ लिहिते.

शेवटचं. पार्सलात माझ्या वडिलांची, म्हणजे तुझ्या आजोबांची वहीसुद्धा घातली आहे. ते याच कुटणीवर होते. खूण केलेलं पान उघड. ‘कुटणे: पंचेचाळीस मिनिटे.’ ती तीस कधी झाली? आठ वर्षांपूर्वी, वीज वाचवायला, वरून आलेल्या एका कागदाने. त्या कागदावर सही कुणाच्या संस्थेची आहे, तेही बघ. आपण चार वर्षं आकृत्या काढून, तांबडं-निळं करून, अकरा माणसं आणून परत तुझ्या आजोबांपाशी आलो.

पण मी राउहालांना जाऊन म्हटलं असतं की म्हातारा करायचा तसं करा, तर त्यांनी गिरणी ठेवली असती का? राजधानीहून बाटली यावी लागते.

आता तुझं नाव आणि आमची गिरणी, दोन्ही तुझ्या हातात आहे. खरं सांगायचं तर सांग. मी वही लपवणार नाही, आणि तुला खोटं बोल असंही म्हणणार नाही. ऑक्टोबरात मी निवृत्त होते.

तुझी आत्या,
लेम्पी


हेलसिंकी,
७ सप्टेंबर १९८७

प्रिय लेम्पी आत्या,

साडेतीन महिने लिहिलं नाही. आधी तुझा राग आला, मग स्वतःचा, मग सुट्टीत एका बेटावर बसून आजोबांची वही वाचली. अक्षर तुझ्यासारखंच आहे. समासातही कॉफी आहे.

ऑगस्टमध्ये दोन्ही वह्या घेऊन स्टेनरूससाहेबांकडे गेलो. सगळं सांगितलं. आठ वर्षांपूर्वीच्या त्या कागदावर सही त्यांचीच होती, तीही दाखवली. म्हटलं, लेख मागे घेऊ, माझं नाव काढा, मला काढा, पण गिरणीला पंचेचाळीस मिनिटं द्या. त्यांनी दोन्ही वह्या मिटून बाजूला ठेवल्या. मग म्हणाले, ‘तर मग याला आपण स्टेनरूस विश्रांती म्हणू या.’

मी भांडलो, आत्या. आयुष्यात पहिल्यांदा. खरं छापायचं, नाहीतर मी स्वतः छापतो, असं म्हणालो. शेवटी तडजोड झाली. जुना लेख चुकीचा होता, मजबुती जास्त कुटण्याने येते, हे पुढच्या अंकात माझ्या सहीने छापून येईल. चूक कबूल करणारा लेख असल्यामुळे साहेबांनी पहिल्या नावाचा मान मला दिला. कंपनीलाही कळवलंय. नवं यंत्र आधीच मागवून झालंय आणि गुंडाळायच्या कागदाला गिऱ्हाईक पक्कं आहे, त्यामुळे गिरणीला धक्का नाही. हे मी दोनदा विचारून घेतलं.

नवी अधिकृत कार्यपद्धती सोबत आहे. सातवं कलम मी स्वतः लिहिलं. कंपनीच्या वकिलांनी त्याला हात लावला नाही, कारण कोस्तीने त्यांना हात लावू दिला नाही:

‘७. लगदा कुटणीत असताना उपस्थित सर्व कर्मचाऱ्यांनी कॉफी घ्यावी. कालावधी पंधरा मिनिटांहून कमी नसावा. या काळात कोणत्याही बटणास हात लावू नये.’

द्रव सध्या निम्म्यावर आणलाय. पुढच्या वर्षी तोही लागणार नाही. स्वीडिश मंडळींचं पत्र आलंय: कॉफी दुधाची चालेल का?

तुझे शेरे मी वाचले नाहीत. ते वाचले असते तर चार महिने वाचले असते. मला माफ कर.

तुझा,
तौनो
(‘डॉ.’ मुद्दाम लिहिलेलं नाही.)


पुरोकोस्की,
२ ऑक्टोबर १९८७

चि. तौनो यास अनेक आशीर्वाद.

माफ कसलं करायचं? खरं बोललास, तेवढं पुरे. तुझं सातवं कलम भोजनगृहात आकृतीशेजारी लावलंय. कोस्ती म्हणतो, हे मात्र उशीवर काढायचं. स्वीडिश लोकांना कळव, दुधाची चालेल, पण यंत्र चालू ठेवायला शिका.

उरलेल्या बाटल्या मी उकळत्या पाण्यात धुऊन घेतल्या आणि त्यांत लिंगोनबेरीचा रस भरला. झाकणं फार घट्ट आहेत, अगदी चिकटून बसतात. तेवढं तरी तुझ्या लेपाचं कौतुक करते. चार बाटल्या तुझ्यासाठी ठेवल्यात. नाताळात येतो म्हणू नकोस, ये.

आज माझा शेवटचा दिवस होता. माझ्या जागी येणाऱ्या मुलीला वही सोपवली आणि सांगितलं की समास रिकामा सोडायचा नाही.

आणि काय झालं सांगू? नऊ वाजून दहा मिनिटांनी दारात वायरमन उभा! हातात माझी गेल्या वर्षीच्या ऑगस्टातली चिठ्ठी. म्हणाला, गिरणी राहिली ना, आता सगळं दुरुस्त करायचा हुकूम आहे. कुटणीचं घड्याळ पाच मिनिटांत नीट करतो, तिसाव्या मिनिटाला यंत्र आपोआप बंद होईल.

मी त्याच्या हातातली हत्यारांची पेटी काढून घेतली, खुर्ची पुढे ओढली आणि त्याला कॉफीला बसवलं. सातही प्रकार होते.

तुझी आत्या,
लेम्पी